विचारून काढलेला फोटो

सोमवार, ६ मे
ऑफिस, जेवणाची सुट्टी

अहो बाबा,

मी फोन केला की तुम्ही तो आत्याच्या हातात देता आणि आत्या मला तिकडचं हवामान सांगते. म्हणून पत्र. पत्रसुद्धा तुम्ही तिच्या हातात देऊ शकता म्हणा, पण निदान ती त्यावर मला ढगांची माहिती देणार नाही.

घाबरू नका, हे कामाचं पत्र आहे. यात 'घरी या' वगैरे काही नाही. तो विषय तुमचा आणि आईचा चालूच आहे फोनवर, गोळ्या आणि गळका नळ यांच्या आडून. मी मध्ये पडत नाही.

तर काम. या आठवड्यात आमच्या ऑफिसकडून तुम्हाला एक फॉर्म येईल. आमचा पाच वर्षांचा अहवाल छापायला चाललाय: बातम्यांमध्ये कुणाला कशी वागणूक मिळते, कुणाचं मूळ उगाच सांगितलं जातं, कुणाचा चेहरा न विचारता छापला जातो. त्यात एक अख्खं पान तुमच्या फोटोला द्यायचंय. कुठल्या, ते तुम्हाला कळलं असेलच. मी या नोकरीला लागले तेव्हा त्या जुन्या फोटोवरून आपलं वाजलं आणि तुम्ही कॅमेऱ्याची बॅग उचलून 'आत्याच्या गावी एका लग्नाचं काम आहे' म्हणून गेलात. दोन वर्षं झाली. फार लांबलं हो ते लग्न. एव्हाना त्यांचं पोर चालायला लागलं असेल.

फॉर्मला जोडायचं फोटोचं वर्णन मलाच लिहायचंय, म्हणून इथे सराव करते. बागेचं फाटक. चारी बाजूंनी आलेले हात. मध्ये एक बाई, अंगात चौकटीचा स्वेटर, कडेवर रडणारं मूल. बाई थेट कॅमेऱ्यात बघतेय. वर मथळा: 'मुले पळवणारी पलीकडची महिला जाळ्यात?' शेवटी प्रश्नचिन्ह. आमच्या ऑफिसात आकडेमोड करणारा एकजण आहे, त्याला सगळे गणिती म्हणतात. तो म्हणतो, प्रश्नचिन्ह म्हणजे वर्तमानपत्राचं हेल्मेट. कुठेही आदळा, डोकं शाबूत.

खरं काय ते नंतर आतल्या पानावर आलं, लिलावाच्या नोटिशींच्या खाली. मूल चुकलं होतं, ती त्याला पोलीस ठाण्यात पोचवायला निघाली होती, पोलिसांनी त्याच संध्याकाळी तिला सोडलं. त्या खुलाशाला फोटो नव्हता.

आमचं काम म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून कपाटावरची धूळ बोटाने बघणं, असं तुम्ही म्हणाला होतात. बरोबर आहे. रोज सकाळी शहरातली सगळी वर्तमानपत्रं येतात, गणिती आणि मी ती कापतो. प्रत्येक कात्रण दोघं वेगवेगळे वाचतो, एकमेकांना न सांगता, आणि मग बघतो की दोघांच्या बोटाला तीच धूळ लागली का. शंका आली तर एक युक्ती आहे: उलटं वाचायचं. 'पलीकडच्या तरुणाने सायकल चोरली' असं असेल तर मोठ्याने म्हणायचं, 'अलीकडच्या तरुणाने सायकल चोरली.' सगळे हसले की समजायचं, तो शब्द तिथे उगाच होता. नदीपलीकडून आलेली माणसं चोरीच्या बातमीत हमखास पलीकडची असतात. बक्षीस मिळालं की आपोआप अलीकडची होतात.

तुमच्या कात्रणावर माझा शेरा असा आहे: 'चेहरा स्पष्ट. भाव वाचता येतो. आदर्श उदाहरण.' गणितीनेही जवळपास तेच लिहिलं. तेव्हा हे मी मुद्दाम केलं असं समजू नका.

फोटो तुम्ही वर्तमानपत्राचे नोकर म्हणून काढला नव्हता, त्यामुळे हक्क तुमचाच आहे. तुम्ही हो म्हणालात तरच छापता येतो. सही करा. इथे कुणाला माहीत नाही की तुम्ही माझे कोण. आपल्या आडनावाची माणसं या शहरात पोत्याने सापडतात.

तुमची मुलगी


शुक्रवार, १७ मे
घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर

बाबा,

फॉर्म आला. हेडबाईंनीच पाकीट फोडलं. (हेडबाई म्हणजे आमच्या प्रमुख. पूर्वी शाळेत शिकवायच्या, अजूनही आम्ही उशिरा आलो की घड्याळाकडे बघतात, आमच्याकडे नाही.) सही होती. खाली पेन्सिलीने लिहिलेलं: 'फटफटीला सांगा, सही केली.'

"फटफटी कोण?" हेडबाईंनी विचारलं.

"त्यांची मोटारसायकल असेल," गणिती म्हणाला.

सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसले. मग हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत बसले.

मला वाटलं होतं तुम्ही फॉर्म फाडाल. किंवा त्याच्या मागच्या बाजूला आत्या वाणसामानाची यादी करेल. सही आली, तीही परतीच्या टपालाने. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तो तुझ्यासाठी केली त्याने." तिच्या बोलण्यात फोटो, सही, फॉर्म सगळंच 'तो' असतं, पण मला कळलं.

त्या दिवशी जेवताना मी विचारलं होतं, तिला विचारलं होतं का फोटो काढताना? तुम्ही म्हणालात, "विचारून काढला की तो पासपोर्टचा फोटो होतो." त्यावर मी जे म्हणाले ते आता लिहीत नाही. तुम्हाला ते पाठ असेल.

एक काम राहिलंय. प्रत्येक मोठ्या उदाहरणाखाली 'पुढे काय झालं' असा रकाना असतो. तुमच्या फोटोखाली तो रिकामा आहे. हेडबाई म्हणाल्या, शोध तिला. तर पुढच्या आठवड्यात शोधायला जाते. सापडली तर तिलाही बरं वाटेल, नाही का, कुणीतरी तिच्या बाजूने उभं आहे म्हणून?

गोळ्या घ्या.

फ.


गुरुवार, २३ मे
बसथांब्यावर, मग बसमध्ये (अक्षराला माफी)

बाबा,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या वाच. घाईत आहे, 'तुम्ही'ला वेळ नाही.

ती सापडली. बागेसमोरच्या चांभाराने तिच्या जुन्या मालकिणीचं घर दाखवलं. ती त्यांच्याकडे म्हाताऱ्या सासूला सांभाळायला होती. मालकीण म्हणाली, आम्हाला काही त्रास नव्हता हो तिचा, पण बिल्डिंगमधले लोक ऐकेनात. हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय. त्रास नेहमी बिल्डिंगला असतो, आत राहणारी सगळी देवमाणसं. पण तिथल्या रखवालदाराला माहीत होतं ती कुठे लागली ते. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात, धुलाईखात्यात.

खाली वाफेने भरलेली लांब खोली. ती शेवटच्या टेबलाशी उशांचे अभ्रे इस्त्री करत होती. मी लगेच ओळखलं. तुझ्या फोटोत आहे तसंच बघते ती, समोरच्याने आधी डोळे खाली घालावेत असं. मी हळूच विचारलं, चार वर्षांपूर्वी बागेपाशी जे झालं, ती तुम्हीच ना?

"ती बाई गेली इथून," ती म्हणाली.

"कुठे?"

"मला काय माहीत?"

मी माझं कार्ड टेबलावर ठेवून निघाले. दारापर्यंत गेले असेन.

"काय काम होतं तिच्याशी?"

मी परत आले. म्हणाले, विचारायचं होतं, त्यानंतर तिचं कसं चाललंय.

"बरं चाललंय. कुणी विचारायला आलं नाही तर अजून बरं चालेल."

आणि मग, बाबा, ती बोलली. सगळं 'ती'चं म्हणून. तिची नोकरी गेली, तिने खोली बदलली, तिचा भाऊ गावात तोंड चुकवत फिरायचा. स्वेटर तिच्या बहिणीचा होता. बहीण अजून म्हणते, माझा स्वेटर बदनाम केलास. नवा घेऊन देते म्हटलं तर म्हणते तोच हवा होता, पण आता तो घालायची सोय राहिली नाही. हे सांगताना ती हसली. मीही हसले. आम्ही दोघी त्या तिसऱ्या बाईला हसलो.

मग मी अहवालाचं सांगितलं. ऐटीत सांगितलं, खोटं कशाला बोलू? तिच्यावर कसा अन्याय झाला ते आम्ही लोकांना दाखवणार आहोत म्हटलं.

"कसं दाखवणार?"

"तो फोटो छापून."

तिने इस्त्री उभी केली. "म्हणजे परत."

"या वेळी तिच्या बाजूने."

"पोर कडेवर घेऊनच उभी असणार ना ती त्यात?"

मी म्हटलं, डोळ्यांवर काळी पट्टी लावू. त्यावर ती इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरची पोरगी बघायला लागली. "पट्टी लावली की कुणीही चोरच दिसतं. त्यापेक्षा बिनपट्टीची बरी. निदान बाई तरी दिसते."

आता मुख्य ऐक. या हॉटेलात पाहुण्यांना सकाळची वर्तमानपत्रं इस्त्री करून देतात. शाई हाताला लागू नये म्हणून. मला वाटलं थट्टा करतेय, पण तिने गठ्ठाच दाखवला. ते काम तिने मागून घेतलंय, इतर कुणाला नको असतं, बोटं काळी होतात. तिला आपली लिपी नीट वाचता येत नाही. ती फोटो तेवढे बघते. रोज. सगळी वर्तमानपत्रं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. कशासाठी ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी नोकरीत करते तेच करते ती, फक्त उभ्याने आणि वाफेत.

शिवाय कार्ड आहे. हॉटेल तिला कायम करणार, त्यासाठी ओळखपत्र बनायचंय, त्यावर फोटो लागतो. बाकी सगळ्यांनी दिला, ही टाळतेय. आज डोकं दुखतं, आज केस ओले आहेत. मुकादमाने शेवटचं सांगितलंय, जून संपायच्या आत फोटो नाहीतर जागा दुसरीला. ती म्हणाली, तिचा चेहरा एकदा चौकटीत गेला ना, की कुणीतरी म्हणणारच, अरे हिला कुठे बघितलंय आपण? आणि त्याच महिन्यात आमचा अहवाल येणार. वर्तमानपत्रांत येणार, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत जाणार. तिनेच इस्त्री केलेला.

मी म्हटलं, तुमची हरकत आहे असं लिहून द्या, मी थांबवते.

"लिहून द्यायचं म्हणजे नाव आलं," ती म्हणाली. "कागदावर नाव आलं की ते कागदाबरोबर फिरतं. तिने काही लिहून दिलेलं नाही आणि तू इथे आली नाहीस."

माझा थांबा आला. उद्या हेडबाईंशी बोलते. काही करू नकोस अजून.


शुक्रवार, २४ मे
ऑफिसची गच्ची

बाबा, बोलले.

ती कुठे काम करते ते मी सांगितलं नाही, बाकी सगळं हेडबाईंनी ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत, हे आधी सांगते, नाहीतर तू म्हणशील मी सांगितलंच होतं. त्या म्हणाल्या, वृत्तपत्र परिषदेपुढे आपण हा अहवाल ठेवणार. आरोप सिद्ध होईपर्यंत कुणाचा चेहरा छापायचा नाही, असा नियम करा म्हणून मागणार. आपल्याकडे सगळ्यात भक्कम पुरावा हा एक. चेहरा खोडला तर संपादक म्हणतील, बघा, आम्ही काय छापलं होतं ते यांनाच दाखवता येत नाही. एका बाईला वाचवायला पुढच्या शंभर बायकांना उघड्यावर सोडायचं का?  

गणितीने उलटं वाचून बघितलं. म्हणाला, समजा फोटोत 'पलीकडची बाई' नाही, आपल्या हेडबाई आहेत. छापायचा?

"खुशाल छापा माझा," हेडबाई म्हणाल्या. आणि त्या खरं बोलत होत्या. त्यांचा छापला तर त्यांना कोण नोकरीवरून काढणार? आमची युक्ती पहिल्यांदाच फसली.

शेवटी त्या म्हणाल्या, हरकत घ्यायची तर तिने येऊन घ्यावी. किंवा ज्याचा हक्क आहे त्याने. तुझ्या सांगण्यावरून मी पान काढू शकत नाही.

मी टेबलावर जाऊन तो परवानगीचा फॉर्म परत काढला. वर्तमानपत्राची सही, तारीख. छायाचित्रकाराची सही, तारीख. फोटोत जी उभी आहे तिला जागाच नाही. दोन वर्षांत असे किती फॉर्म मी टपालात टाकले, आणि मला ते दिसलं नाही. तुला जेवणाच्या ताटावरून उठवलं मी, तिला विचारलं होतं का म्हणून. आम्हीही तिला विचारलं नव्हतं रे.

तर आता मागणं. सही परत घे.

दोन गोष्टी आधीच सांगते, नंतर म्हणू नकोस. एक: कारण द्यायचं नाही. 'त्या बाईची इच्छा नाही' एवढं जरी लिहिलंस तरी ऑफिस तिला शोधेल, वर्तमानपत्रवाले शोधतील, आणि ती सापडायला अवघड नाही, मला दोनच दिवस लागले. दोन: कारण दिलं नाहीस तर लोक आपलं कारण घालतील. म्हणतील, घाबरला. स्वतःचं पाप झाकतोय. ज्यांच्याबरोबर तू तीस वर्षं फाटकांबाहेर उभा राहिलास तेसुद्धा म्हणतील. आणि मी तुझ्या बाजूने बोलू शकणार नाही, बोलले तर कळेल की तुला मीच सांगितलं, मग तिच्यापर्यंत धागा जाईल.

मे संपला की पानं छापखान्यात जाणार.

तुला दोन आठवड्यांपूर्वी म्हणाले सही कर. आज म्हणते करू नकोस. तू म्हणशील, या पोरीला मेंदू आहे की पंखा. पंखाच आहे. पण आत्ता या बाजूला फिरलाय आणि मला वाटतं बरोबर फिरलाय.

फटफटी


सोमवार, ३ जून
घरी

बाबा,

पोचलं.

हेडबाईंनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तीनच वाक्यं. 'तो फोटो मी देत नाही. आधीची सही रद्द समजावी. कारण देणार नाही.' खाली पेन्सिलीने काही नव्हतं. मी वाट बघत होते, असेल म्हणून.

हेडबाईंचं तोंड असं झालं की जणू वर्गात कुणीतरी नक्कल करताना सापडलंय. म्हणाल्या, कुणीतरी दम दिला असणार, नाहीतर माणूस मुळातच भित्रा. मग त्यांनी ठरवलं, पान काढायचं नाही. फोटोच्या जागी तेवढीच रिकामी चौकट ठेवायची आणि खाली छापायचं, 'छायाचित्रकाराने परवानगी नाकारली.' तुझ्या नावासकट. मथळा तसाच, नुसता अक्षरात.

मी म्हटलं, नाव कशाला? आपण तर म्हणतो, नाव गरज असेल तरच. हेडबाई म्हणाल्या, फोटोखाली नाव त्याने स्वतःच छापून घेतलं होतं, तेव्हा लाज वाटली नव्हती. गणिती माझ्याकडे बघत होता. तो आकडेमोड करतो ना, त्याची बेरीज होत आली असावी.

काल आत्याचा फोन आला. या वेळी हवामान नाही सांगितलं. म्हणाली, तुझ्या बापाने पाकीट टाकायला मला पाठवलं नाही, स्वतः चालत गेला. आणि परत येऊन विचारत होता, "ती कुठे असते आता?" आत्याने विचारलं कोण? तर म्हणाला, कुणी नाही.

इथेच असते, बाबा. बरी आहे. बहीण अजून रागावते, पण स्वेटरसाठी.

फ.


शुक्रवार, १४ जून
कुठे लिहितेय ते शेवटी सांगते

बाबा,

काल अहवाल बाहेर आला. सभागृह अर्धं भरलं होतं, अर्ध्यातले निम्मे वर्तमानपत्रवाले, चहासाठी आलेले. हेडबाई चांगल्या बोलल्या. मागे पडद्यावर एकेक पान येत होतं. तुझी चौकट आली तेव्हा मागून कुणीतरी तुझं नाव घेतलं आणि म्हणालं, "म्हातारा टरकला." माणसं हसली. त्यातला एक आपल्या घरी जेवून गेलेला आहे, आईच्या हातचं, दोनदा वाढून घेऊन.

नंतर ऑफिसात आम्ही खुर्च्या लावत होतो. हेडबाई खुशीत होत्या, परिषदेने सुनावणीची तारीख दिलीय. म्हणाल्या, खरं सांगू, तो फोटो असता त्यापेक्षा ही रिकामी चौकटच जास्त बोलली. असल्या भित्र्या माणसाचे उपकारच म्हणायचे.

मी ठरवलं होतं गप्प बसायचं. पत्रात तुला तसं कबूलही केलं होतं. खुर्ची हातातच होती.

"भित्रा नाही तो," मी म्हणाले. "माझा बाप आहे."

 मग गणिती हळूच म्हणाला, "सापडली मोटारसायकल."

हेडबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, बापाला तूच कळवलं होतंस का? हो म्हटलं. त्या बाईकरता? मी हातातली खुर्ची जागेवर लावली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेव. पण म्हणाल्या, आपण दुसऱ्यांच्या कात्रणांवर 'हितसंबंध लपवला' असा शेरा मारतो, तो आज तुझ्यावर मारायचा की नाही ते मला झोपून उठल्यावर ठरवू दे. आज सकाळी ठरलं. सुनावणी होईपर्यंत मी कात्रणं वाचायची नाहीत, नुसती कापायची. त्यानंतर काय, ते माहीत नाही. कदाचित तुझ्यासारखं मलाही एखादं लांबलचक लग्न शोधावं लागेल. मी भांडले नाही. शेरा बरोबर आहे.

कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा माझ्या टेबलावर होता. गणिती तिथे बसून पट्टी लावून प्रत्येक फॉर्मवर पेन्सिलीने एक जास्तीची ओळ मारत होता. हेडबाईंनी ते बघितलं आणि घड्याळाकडे बघितलं.

दुपारी मी हॉटेलात गेले. तिला सांगायचं होतं की झालं, आता काळजी नाही. ती त्याच टेबलाशी. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आज सकाळी एक रिकामी चौकट इस्त्री केली."

वर्तमानपत्रांनी ते पान छापलंय ना, तुझ्या नावासकट. तिने वरचा मथळा ओळखला होता, त्याच्या अक्षरांचा आकार तिला पाठ आहे. तिने विचारलं, खाली बारीक काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. छायाचित्रकाराने परवानगी नाकारली. आणि नाव.

"हा कोण?"

"ज्याने फोटो काढला तो."

"आता का नाही म्हणाला?"

मी म्हटलं, तिला नको होता म्हणून.

"त्याला कुणी सांगितलं तिला नकोय ते?"

"मी. माझे बाबा आहेत ते."

तिने इस्त्री चालू ठेवली. एक अभ्रा, दुसरा अभ्रा, घडी, वर ठेव. मी उभी. जा म्हणेल असं वाटलं. जा म्हणाली असती तर गेले असते, तिचा हक्क होता. पूर्ण गठ्ठा संपवला तिने. मग पाणी फवारायची बाटली बाजूला ठेवून विचारलं, कॅमेरा अजून आहे का त्याच्याकडे?

आहे म्हटलं. तिकडे आत्याच्या मांजरीचे फोटो काढतो.

"दुकानात जाऊन स्टुलावर बसायचं म्हटलं की मी दारातूनच परत फिरते," ती म्हणाली. "अनोळखी माणूस, तो दिवा, हनुवटी वर करा, खाली करा. मुकादम रोज विचारतो." थोडा वेळ तिने टेबलावरच्या सुरकुत्या हाताने सपाट केल्या, खरं तर तिथे सुरकुत्या नव्हत्या. "तुझ्या बापाने तर एकदा बघितलाय चेहरा. त्याला काही नवीन नाही."

मी विचारलं, म्हणजे तिचा फोटो?

"तिचा कशाला?" ती म्हणाली. "कार्ड माझं आहे."

बाबा, मी तळघराच्या पायरीवर बसून लिहितेय. ती आत वर्तमानपत्रांची रद्दी बांधतेय. महिना संपायला अजून वेळ आहे, गाडी रोज सुटते, आत्या मांजरीचं बघेल. आईला सांगितलं नाहीये, तुझं तू सांग, नळाच्या आडून सांगितलंस तरी चालेल.

कॅमेरा आण. पांढरा पडदा इथे आहे, धुतलेल्या चादरी भरपूर आहेत. लहान आकाराचा हवाय, समोरून, दोन्ही कान दिसायला पाहिजेत. पासपोर्टचाच.

आणि तिने निरोप दिलाय, जसाच्या तसा देते: "त्याला सांग, या वेळी मी सांगेन तेव्हा बटण दाबायचं."

फटफटी